मेरुप्रदेशाचे वेध आणि महाराष्ट्रांतील जुनीं दप्तरें

१

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे बखरी, सनदा, महजर, शकावल्या, पत्रव्यवहार आणि शिलालेख एवढींच बहुधा आपल्या डोळ्यांपुढें येतात. ज्या चोपडींत राजाचें नांव नाहीं, लढाईचा उल्लेख नाहीं, इनामाचा निवाडा नाहीं, केवळ आंकड्यांचे रकाने आहेत, ती चोपडी संग्राहकाच्या हातीं आली तरी बासनाच्या तळाशीं राहते किंवा रद्दीच्या भावानें जाते. वस्तुतः अशा चोपड्यांनीं कांहीं प्रश्नांचा निकाल लावलेला आहे, व तोहि अशा ठिकाणच्या प्रश्नांचा कीं जेथें महाराष्ट्रीय माणसाचें पाऊल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत क्वचितच पडलें असेल. पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांकडील प्रदेशांत आज जें शास्त्रीय संशोधन चाललें आहे, त्यास आपल्याकडील जुन्या दप्तरांचा आधार कोठें व कसा मिळतो, आणि सोलापूर प्रांतांतील हस्तलिखितसंग्राहकांच्या हातून त्यास कोणतें साह्य होण्यासारखें आहे, हें साधार मांडावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विषय प्रथमदर्शनीं दूरचा वाटेल. सोलापूर हें उष्ण व कोरड्या हवेचें शहर. येथील मनुष्यास गारांपलीकडे बर्फाचा परिचय नाहीं. तथापि ध्रुवप्रदेशाचें शास्त्र हें केवळ बर्फाचें शास्त्र नव्हे. सूर्याची गति, पृथ्वीचें चुंबकत्व, वातावरणाचा वरचा थर आणि भूतकाळांतील हवामान या चारहि विषयांचा तेथें संगम होतो. आणि यांपैकीं पहिल्या दोहोंसंबंधीं आपल्या प्रांताजवळ जुना व भक्कम पुरावा आहे.

२

सिद्धांतग्रंथांपासून आरंभ करणें सोयीचें होईल. आपल्या ज्योतिषसिद्धांतकारांनीं भूगोलाच्या उत्तर टोकास मेरु व दक्षिण टोकास वडवानल मानिला आहे. मेरूवर देव राहतात, वडवानलाच्या ठिकाणीं दैत्य राहतात, आणि एकांचा दिवस ती दुसऱ्यांची रात्र, हें वर्णन पुराणांतहि आहे. परंतु सिद्धांतकारांनीं त्यास गणिताची जोड दिली. सोलापूरचा अक्षांश सुमारें १७ अंश ४० कला आहे. म्हणून येथें ध्रुवतारा उत्तर क्षितिजाच्या वर साडेसतरा अंशांच्या आसपास दिसतो, वर्षांतील मोठ्यांत मोठा दिवस तेरा तासांहून थोडाच अधिक भरतो, आणि लहानांत लहान दिवस अकरा तासांच्या जवळपास असतो. जसजसें उत्तरेस जावें तसतसा ध्रुव वर चढतो, दिनमानाचा हा फरक वाढत जातो, आणि एका मर्यादेपलीकडे सूर्य कांहीं दिवस मुळीं मावळत नाहीं व कांहीं दिवस मुळीं उगवत नाहीं.

ही मर्यादा भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें रचलेल्या सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायांत ६६ अंशांवर दिली आहे. सूर्याची परमक्रांति ते २४ अंश धरितात. ९० मधून २४ वजा जातां ६६ राहतात. आज ती क्रांति २३ अंश २६ कला असल्यामुळें ही सीमा ६६ अंश ३४ कलांवर मानितात. परंतु आचार्य एवढ्यावर थांबत नाहींत. ते सांगतात कीं, ६९ अंश व एक तृतीयांश, म्हणजे ६९ अंश २० कला, इतका ज्या स्थळाचा उत्तर अक्षांश असेल तेथें धनु व मकर या राशी कधींच दिसत नाहींत. आणि सव्वा अठ्ठ्याहत्तर अंशांवर वृश्चिक, धनु, मकर व कुंभ या चार राशी क्षितिजाच्या वर येत नाहींत. या राशी सायन समजावयाच्या. ज्या काळांत सूर्य त्या राशींत असेल तो सर्व काळ त्या स्थळीं रात्र, हें ओघानेंच आलें.

हे आंकडे कोणा प्रवाशाच्या तोंडून ऐकलेले नव्हेत. २४ अंश परमक्रांति धरून धनूच्या आरंभाची क्रांति काढली तर ती २० अंश ३८ कला येते, आणि कुंभाच्या अंतीं ती ११ अंश ४४ कला येते. या दोन्ही ९० अंशांतून वजा केल्या कीं ६९ अंश २२ कला व ७८ अंश १६ कला हे अक्षांश निघतात. आचार्यांनीं अपूर्णांक सुटसुटीत करण्यासाठीं एकदोन कला सोडून दिल्या, एवढाच फरक. ज्या देशांत आपण कधीं जाणार नाहीं तेथील आकाश कसें असेल हें येथें बसून निश्चित सांगतां येतें, याचा हा उत्तम दाखला आहे.

यांत एक योगायोग लक्षांत घेण्यासारखा आहे. भारताचें दक्षिण ध्रुवखंडांतील ‘भारती’ हें ठाणें ६९ अंश २४ कला दक्षिण अक्षांशावर आहे, आणि उत्तर ध्रुवाकडील ‘हिमाद्रि’ हें ठाणें नॉर्वेच्या ताब्यांतील स्वालबार्ड द्वीपसमूहांत, न्यू-ओलेसुंड या वस्तींत, ७८ अंश ५५ कला उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे आचार्यांनीं उदाहरणादाखल निवडलेल्या दोन अक्षांशांच्या अगदीं लगत, एक दक्षिणेस व एक उत्तरेस, आज आपलीं ठाणीं उभीं आहेत. हिमाद्रीवर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्याच्या पलीकडेपर्यंत सूर्य उगवत नाहीं; हाच सूर्याचा सायन वृश्चिक ते कुंभ या चार राशींतील काळ होय. दक्षिण गोलार्धांत राशी उलट घ्याव्या लागतात. तेथें मिथुन व कर्क या राशींचा लोप होतो, आणि त्याप्रमाणें भारतीवर मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत रात्र असते. वातावरणामुळें किरण वांकून सूर्य किंचित् वर उचललेला दिसतो, म्हणून प्रत्यक्ष रात्र गणितापेक्षां कांहीं दिवसांनीं लहान भरते.

आणखी एक गोष्ट सोलापूरकरांस विशेष परिचयाची आहे. येथील श्रीसिद्धेश्वराची यात्रा मकरसंक्रांतीस भरते, आणि संक्रांतीपासून उत्तरायण, उत्तरायण म्हणजे देवांचा दिवस, अशी लोकसमजूत आहे. गणिताप्रमाणें मात्र मेरूवर सूर्योदय उत्तरायणाच्या आरंभीं होत नाहीं. तो सूर्य विषुववृत्तावर आल्यावर, सायन मेषसंक्रमणाच्या वेळीं होतो. ही विसंगति भास्कराचार्यांनीं झांकली नाहीं. संहिताकारांचें वचन फलादेशापुरतें समजावें, असा त्यांनीं स्पष्ट निवाडा दिला आहे. परंपरेचा मान राखून गणिताचा आग्रह न सोडणें ही पद्धति संशोधकास आजहि अनुकरणीय आहे. आचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें चाळीसगांवजवळ पाटण येथें मठ स्थापिला, व त्यासंबंधींचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणिला, हें संग्राहकांस ठाऊक आहेच.

३

आतां दुसऱ्या, तुलनेनें अर्वाचीन अशा दप्तराकडे वळूं. मुंबईस कुलाब्याच्या टोंकावर ईस्ट इंडिया कंपनीनें इ. स. १८२६ मध्यें वेधशाळा स्थापिली. तेथें १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेण्यास आरंभ झाला. या कामाशीं महाराष्ट्राच्या विद्येच्या इतिहासांतील दोन मोठीं नांवें निगडित आहेत. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं कांहीं काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला; आणि अलिबागजवळील नागांवचे केरो लक्ष्मण छत्रे हे कोवळ्या वयांतच तेथें साहाय्यक म्हणून लागून सुमारें दहा वर्षें वेध घेण्याचें काम करीत होते. ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ या त्यांच्या १८६० च्या ग्रंथामागें ही प्रत्यक्ष वेधांची तालीम होती.

चुंबकीय वेध म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. टांगलेली चुंबकसुई उत्तर-दक्षिण दिशा दाखविते हें सर्वांस माहीत आहे. परंतु ती सुई पूर्ण स्थिर कधींच नसते. दिवसाच्या प्रहरांप्रमाणें ती किंचित् हलते, आणि ज्या बलानें ती ओढली जाते तें बलहि कमीअधिक होतें. कुलाब्यास सुईच्या हालचाली दुर्बिणींतून मोजपट्टीवर वाचून दर तासास वहींत लिहीत, आणि सुई अस्वस्थ दिसली कीं अधिक जवळजवळच्या वेळीं वाचन घेत. पुढें छायाचित्रणाच्या कागदावर सुईची रेघ आपोआप उमटविण्याची सोय झाली. वर्षानुवर्षें, रात्रंदिवस, पावसाळ्यांत व साथींतहि हे आंकडे लिहिले गेले. लिहिणाऱ्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें आज कोणास माहीत नाहींत.

इ. स. १८९६ मध्यें नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे प्रमुख झाले. त्या जागीं कायम नेमलेले ते पहिले हिंदी गृहस्थ होत. मुंबईंत विजेची ट्राम येणार असें ठरलें, तेव्हां तिच्या प्रवाहामुळें सुईचे वेध दूषित होतील हें त्यांनीं ओळखिलें, आणि चुंबकीय वेधांसाठीं अलिबाग येथें नवी जागा निवडली. तेथील इमारतीस लोह वर्ज्य करून पोरबंदरचा निवडक दगड वापरिला. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन वर्षें कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेण्यांत आले, आणि दोहोंतील फरक निश्चित झाल्यावरच कुलाब्याचें काम बंद केलें. हस्तलिखितांच्या भाषेंत बोलावयाचें तर, मूळ प्रत जीर्ण होण्यापूर्वीं नकल करून ती अक्षरशः ताडून घेण्याचाच हा प्रकार होय. या ताडणीमुळें १८४१ पासूनची परंपरा तुटली नाहीं. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या वेधांचा मूस यांनीं केलेला विवेचक संग्रह १९१० मध्यें दोन खंडांत प्रसिद्ध झाला. या सर्व परंपरेचा वारसा आज पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. अलिबागची वेधशाळाहि तीच चालविते.

४

कुलाब्याच्या या आंकड्यांचा ध्रुवप्रदेशाशीं संबंध काय, हा प्रश्न येथें साहजिक उपस्थित होतो. ध्रुवांच्या भोंवतीं रात्रीच्या आकाशांत हिरव्या व तांबड्या प्रकाशाचे पडदे हेलावतांना दिसतात. यांस ध्रुवप्रकाश म्हणतात. सूर्यापासून निघालेला विद्युत्कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला म्हणजे त्या क्षेत्रांतील कण ध्रुवांकडील वरच्या हवेंत उतरतात व ती हवा प्रकाशूं लागते. लोट फार जोराचा असला तर पृथ्वीभोंवतीं विषुववृत्ताच्या पातळींत, पुष्कळ उंचीवर, विद्युत्प्रवाहाचें एक कडें तयार होतें, आणि त्याच्या विरोधामुळें आपल्याकडील क्षितिजसमांतर चुंबकबल घटतें. यासच चुंबकीय वादळ म्हणतात. ध्रुवाजवळील यंत्रें त्या वादळाचा स्थानिक क्षोभ फार तीव्रतेनें दाखवितात. परंतु सबंध पृथ्वीभोंवतालच्या कड्याचें माप घेण्यास विषुववृत्ताच्या फार जवळ नाहीं व ध्रुवाच्याहि जवळ नाहीं अशी जागा लागते. कुलाबा व अलिबाग हीं तशीं ठिकाणें आहेत. म्हणून ध्रुवप्रदेशांतील वेध व कोंकणांतील वेध हे एकाच दस्तऐवजाचे दोन तुकडे होत. ते जुळविल्याखेरीज मजकूर पुरा लागत नाहीं.

याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इ. स. १८५९ चें आहे. १ सप्टेंबर रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन या ज्योतिर्विदास सूर्यावरील डागांच्या समूहांत अकस्मात् पांढऱ्या तेजाचा लोळ दिसला. सुमारें साडेसतरा तासांनंतर पृथ्वीवर चुंबकीय वादळ सुरू झालें. युरोप-अमेरिकेंतील तारायंत्रें बिघडलीं, आणि क्यूबासारख्या दक्षिणेकडील प्रदेशांतहि ध्रुवप्रकाश दिसला. आपल्याकडे तो शके १७८१, सिद्धार्थीनाम संवत्सरांतील भाद्रपद शुद्ध पक्षाचा आरंभ होता. गणेशचतुर्थीच्या सुमाराचे ते दिवस. परंतु वादळाचा कळस झाला तेव्हां मुंबईस ऐन दिवस असल्यामुळें आकाशांत कोणास कांहीं दिसण्याचा संभवच नव्हता. त्या प्रहरीं येथील साक्षीदार एकच, कुलाब्याची चुंबकसुई. तिचें क्षितिजसमांतर बल सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं, म्हणजे एकंदर बलाच्या चार टक्क्यांच्या आसपास, एकाएकीं उतरलें व लवकरच पुष्कळसें परत चढलें. पृथ्वीवरील अनेक वेधशाळांचीं यंत्रें त्या वादळांत मोजपट्टीच्या बाहेर गेलीं. कुलाब्याची नोंद मात्र आरंभापासून अंतापर्यंत वाचतां येते. २००३ सालीं त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना व अलेक्स या संशोधकांनीं ही नोंद पुढें मांडली, तेव्हांपासून त्या वादळाची चर्चा या वहीवांचून होत नाहीं.

येथें पाठचिकित्सेचा प्रश्नहि उद्भवला आहे. ती खोल घट जशीच्या तशी घ्यावी तर वादळाचें मान एक येतें. तासाची सरासरी घ्यावी तर तें निम्म्यावर, सुमारें ८५० नॅनोटेस्लांवर, येतें. शिवाय ती घट केवळ विषुववृत्तीय कड्याची कीं दक्षिणेकडे सरकलेल्या ध्रुवीय प्रवाहाचाहि तींत वांटा आहे, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. एका ओळीचे दोन अर्थ लागतात व दोन्ही पक्ष मूळ प्रतीकडेच बोट दाखवितात, हा प्रकार आपल्या मंडळींस नवा नाहीं. या वादास व्यावहारिक महत्त्वहि आहे. मार्च १९८९ च्या वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारें नऊ तास बंद पडला होता, आणि तें वादळ १८५९ च्या मानानें सौम्यच होतें. तसें वादळ पुन्हा आल्यास विजेच्या तारा व उपग्रह यांची काय गति होईल, याचा अदमास कुलाब्याच्या त्या पानावरून बांधावा लागतो.

दुसरें उदाहरण ४ फेब्रुवारी १८७२ चें. त्या दिवशीं रविवार होता. शके १७९३, प्रजापतिनाम संवत्सर, पौष वद्य पक्ष. त्या रात्रीं मुंबईस सूर्यास्तानंतर ध्रुवप्रकाश दिसल्याचें तेथील वृत्तपत्रांत छापून आलें. मुंबईचा भूचुंबकीय अक्षांश दहा अंशांच्या आसपास. इतक्या खालीं ध्रुवप्रकाश दिसणें अत्यंत विरळा. एकट्या वृत्तपत्राच्या आधारावर ही गोष्ट कोणी सहसा मान्य केली नसती. परंतु मुंबई-एडन दरम्यानच्या समुद्री तारेंत त्याच वेळीं बिघाड झाल्याची वार्ता आहे, आणि कुलाब्याच्या सुईचें बल त्या वादळांत हजार नॅनोटेस्लांच्या आसपास उतरल्याचें दप्तर सांगतें. वृत्तपत्र, तारायंत्र व चुंबकसुई हे तीन परस्परांहून स्वतंत्र साक्षीदार एका तारखेवर एक गोष्ट सांगतात. म्हणून पुरावा सबळ.

५

ध्रुवप्रदेशांत प्रत्यक्ष जाऊन एकाच वेळीं अनेक ठिकाणीं वेध घ्यावेत, ही कल्पना कार्ल वेप्रेख्ट या ऑस्ट्रियन नाविकाची. तिला अनुसरून १८८२-८३ मध्यें अकरा राष्ट्रांनीं पहिलें आंतरराष्ट्रीय ध्रुववर्ष पाळिलें. त्याच अवधींत, नोव्हेंबर १८८२ मध्यें, एक मोठें चुंबकीय वादळ आलें; त्याची नोंद कुलाब्यासहि आहे. दुसरें ध्रुववर्ष १९३२-३३ मध्यें झालें, आणि १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षानंतर १९५९ मध्यें दक्षिण ध्रुवखंडासंबंधीं करार होऊन तो भूभाग शांततेच्या व शास्त्राच्या कामासाठीं राखला गेला. भारत त्या करारांत १९८३ मध्यें सामील झाला.

तत्पूर्वीं, ६ डिसेंबर १९८१ रोजीं, डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखालीं एकवीस जणांची पहिली भारतीय मोहीम ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या जहाजानें गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजीं दक्षिण ध्रुवखंडावर उतरली. चुंबकीय वेध घेण्याचें काम तेव्हांपासूनच सुरू झालें. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेंत ‘दक्षिण गंगोत्री’ हें पहिलें ठाणें बांधण्यांत आलें. त्याच मोहिमेंत नागपूरच्या महाराष्ट्रीय कुटुंबांत जन्मलेल्या व पुणें विद्यापीठांत शिकलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेंतून त्या खंडावर पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या दोन स्त्रिया होत. दक्षिण गंगोत्री समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या थरावर होती. ती हळूहळू बर्फाखालीं गाडली गेली व सोडून द्यावी लागली. म्हणून १९८९ मध्यें शिर्माखर टेकड्यांच्या उघड्या खडकावर ‘मैत्री’ व २०१२ मध्यें लार्समन टेकड्यांवर ‘भारती’ हीं ठाणीं उभारलीं. उत्तरेकडील हिमाद्रि २००८ पासून आहे. या सर्वांची व्यवस्था गोव्यांतील वास्को येथें १९९८ मध्यें स्थापन झालेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे.

तेथील वेध घेणाऱ्याचें काम कुलाब्याच्या कारकुनाच्या कामाहून तत्त्वतः निराळें नाहीं. सुईची जागा आतां विजेवर चालणाऱ्या यंत्रांनीं घेतली आहे, तरी पृथ्वीच्या बलाचें मूळ माप मनुष्यास स्वतः यंत्रापाशीं उभें राहूनच घ्यावें लागतें. त्या वेळीं अंगावर लोखंडाचा कणहि चालत नाहीं. घड्याळ, किल्ल्या, कंबरपट्ट्याची कडी हीं सर्व बाहेर ठेवावीं लागतात. वेधाची खोली मुख्य इमारतीपासून दूर असते, आणि हिमवादळांत हात लांब केला असतां हात दिसेनासा होतो, म्हणून ठाण्याच्या इमारतींमध्यें दोर बांधून ठेवितात. सहा-सात आठवडे सूर्य नाहीं, बाहेर जावें तर दोर धरून, आणि तरीहि वहींत खंड पडूं द्यावयाचा नाहीं. कारण खंड पडलेल्या नोंदीचें मोल किती उतरतें, हें तुटक शकावली हाताळलेल्यास सांगावयास नको.

६

ध्रुवप्रदेशांतील आणखी एका दप्तराचा उल्लेख केल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. तें दप्तर बर्फाचेंच आहे. दरसाल पडणारें हिम आदल्या सालच्या हिमावर बसतें, दडपून घट्ट होतें, आणि त्या त्या सालची हवा, धूळ व ज्वालामुखीची राख आपल्यांत कोंडून ठेवितें. नळीनें खोल छिद्र पाडून हा स्तंभ काढला म्हणजे पोथीचीं पानें उलटावींत तसे थर मोजतां येतात. १८१५ चा तांबोरा व १८८३ चा क्राकाटोआ या ज्वालामुखींच्या खुणा त्यांत ठरलेल्या जागीं सांपडतात, व त्यांवरून इतर थरांचा काळ ताडून पाहतां येतो. एखाद्या बाडांत मधेंच तिथि घातलेलें पत्र सांपडावें तसाच हा प्रकार. दक्षिण ध्रुवखंडांत आठ लक्ष वर्षांचा अखंड स्तंभ पूर्वींच मिळाला होता. जानेवारी २०२५ मध्यें युरोपीय संशोधकांनीं सुमारें २८०० मीटर खोलीपर्यंत जाऊन बारा लक्ष वर्षांपर्यंतचें बर्फ वर काढलें.

या संदर्भांत लोकमान्य टिळकांच्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज्’ या १९०३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचें स्मरण होणें साहजिक आहे. डेक्कन कॉलेजांत टिळकांस गणित शिकविणारे केरूनाना छत्रे कुलाब्याच्या वेधशाळेंत तयार झालेले होते, हा दुवा चिंतनीय आहे. आर्यांचें मूळ वसतिस्थान ध्रुवाजवळ होतें, हा टिळकांचा सिद्धांत भाषाशास्त्रज्ञ व पुराणवस्तुशास्त्रज्ञ आज स्वीकारीत नाहींत. परंतु त्याच ग्रंथांत त्यांनीं दोन गोष्टी कसोशीनें केल्या. ध्रुवावर तारे क्षितिजाशीं समांतर फिरतात, उषःकाल कित्येक दिवस टिकतो, इत्यादि लक्षणें त्यांनीं गणितानें अचूक मांडलीं. आणि शेवटचें हिमयुग फार प्राचीन मानणाऱ्यांचें मत सोडून, तें सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं संपलें, हें अमेरिकन भूशास्त्रज्ञांचें मत त्यांनीं ग्राह्य धरिलें. ग्रीनलंडच्या बर्फाचे थर मोजून आज हा काळ सुमारें ११,७०० वर्षांपूर्वींचा ठरला आहे. निष्कर्ष टिकला नाहीं तरी साधनें पारखण्याची दृष्टि टिकते, हें यावरून दिसेल.

७

आतां संग्राहकांस विनंति. सोलापूर, पंढरपूर, बार्शी, करमाळें, अक्कलकोट येथील जुन्या घराण्यांत पंचांगें, जमाखर्चाच्या वह्या, तिथिवार टिपणें व खाजगी पत्रें पुष्कळ आहेत. पंचांगाच्या समासांत पाऊस, धूमकेतु, भूकंप, ग्रहण यांच्या नोंदी करण्याची चाल जुनी आहे. अशा नोंदींत पुढील तीन प्रसंगांचे दिवस मुद्दाम पहावेत.

पहिला, शके १६९२, विकृतिनाम संवत्सर, भाद्रपद वद्य पक्षाचा शेवट. इंग्रजी १६ ते १८ सप्टेंबर १७७०. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींतील हा पितृपंधरवडा. या रात्रीं चीन व जपान येथें तांबडा ध्रुवप्रकाश दिसल्याच्या नोंदी आहेत, आणि कॅप्टन कुकच्या जहाजावरून तिमोर बेटाजवळहि तो दिसला. दुसरा, वर सांगितलेला शके १७८१ चा भाद्रपद. यांत वादळाच्या ऐन दिवसाप्रमाणें त्याच्या मागच्यापुढच्या रात्रीहि पहाव्यात. तिसरा, शके १७९३ चा पौष वद्य पक्ष, रविवारची रात्र. त्या रात्रीं चंद्र पहांटेच्या सुमारास उगवावयाचा, म्हणून आकाश काळोखें होतें. मुंबई व सोलापूर यांच्या अक्षांशांत सव्वा अंशाचेंच अंतर आहे. प्रकाश क्षितिजाच्या बराच वर असेल तर तो येथेंहि दिसणें शक्य होतें.

नोंद सांपडल्यास ती पारखण्याचे नियम कडक असावेत. प्रकाशाची दिशा उत्तर होती काय, वेळ कोणती, रंग कोणता, तो किती घटका टिकला, हें मूळ शब्दांत उतरून घ्यावें. सूर्यास्तानंतर पश्चिमेस दिसलेली लाली निराळी समजावी. विशेषतः १८८३ च्या अखेरच्या महिन्यांतील तांबड्या संध्या क्राकाटोआच्या राखेच्या होत. वणवा, गांवाची आग व धूमकेतूचें शेपूट यांचाहि विचार व्हावा. ‘आकाश तांबडें झालें, उत्पात झाला’ एवढेंच लिहिलें असल्यास तिथि, वार व नक्षत्र परस्परांशीं जुळतात कीं नाहीं हें प्रथम पहावें. तिथि जुळत नसेल तर तो कागद या कामीं घेऊं नये. आणि कागदाचें पान कापूं नये, समास छाटूं नयेत, बांधणी उसवूं नये. कारण अशी नोंद बहुधा समासांतच असते.

मे १९२१ मध्यें, आणि अलीकडे १०-११ मे २०२४ रोजीं, सूर्यानें पुन्हा अशींच वादळें पाठविलीं. २०२४ च्या वादळांत लडाखांतील हान्ले येथील वेधशाळेवरून आकाशांतील तांबडें तेज छायाचित्रांत आलें, आणि अलिबागच्या यंत्रानें आपली रेघ नेहमींप्रमाणें ओढली. पुढचें मोठें वादळ केव्हां येईल हें सांगतां येत नाहीं. मागचीं किती मोठीं होतीं व किती वेळां आलीं, हें मात्र दप्तरांवरून ठरवितां येतें. आणि त्या दप्तरांचा कांहीं भाग अद्याप आपल्या जिल्ह्यांतील माळ्यांवर, दिंडांत बांधलेला असण्याचा पुष्कळ संभव आहे. ती दिंडें सोडतांना आंकड्यांच्या व हवेच्या नोंदींची पानें निरुपयोगी म्हणून बाजूस टाकूं नयेत, एवढें झालें तरी प्रस्तुत लेखाचें काम झालें.